सिम्बा परत बघितला, आणि मला मोहिलेच हवा होता

पोलिसांचे मसाला पिक्चर मला मनापासून आवडतात आणि त्यातही रोहित शेट्टीचा सिम्बा जरा जास्तच. 2018 च्या डिसेंबरमध्ये आलेला, रणवीर सिंगचा. टीव्हीवर लागला की आमच्या घरी रिमोटला कोणी हात लावत नाही. परवा लागला तेव्हा शेजारी मामेभाऊ होता, तो पीएसआयची तयारी करतोय, सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब ग्राउंडवर धावतो आणि दिवसभर कायद्याची कलमं पाठ करतो, आणि त्याच्यासोबत बघताना काही गोष्टी अशा खटकल्या की लिहायलाच बसले.

आधी आवडतं काय ते सांगते. सिम्बा, म्हणजे इन्स्पेक्टर संग्राम भालेराव, लाचखोर आहे, पैसे खाता यावेत म्हणूनच पोलिसात आलाय, आणि रणवीर ते इतक्या मोकळेपणाने करतो की राग यायच्या ऐवजी हसूच येतं. त्याची भाषा बघा ना, हिंदी बोलता बोलता मधेच मराठीत घसरतो, आणि ते कानाला खोटं लागत नाही. एरवी हिंदी पिक्चरमधलं मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर कामवाल्या मावशी, दोन वाक्यं बोलून गायब. इथे हिरोच भालेराव, आणि आजूबाजूला सिद्धार्थ जाधव, वैदेही परशुरामी, अश्विनी काळसेकर अशी आपली माणसं. मूळ गोष्ट तेलुगूतल्या टेम्परची, हिंदीत ती गोव्याच्या मिरामार पोलीस स्टेशनात आणलीय, तरी पोरगं आपल्या गल्लीतलंच वाटतं. सिद्धार्थचं टायमिंग तर विचारूच नका. फायटिंग, स्लो मोशन, गाड्यांची तोडफोड, ते सगळं रोहित शेट्टी स्टाईल, मजा येते. सोनू सूदचा व्हिलनपण भारी. सारा अली खानला मात्र काही कामच नाही, दोन गाणी आणि थोडं लाजणं, संपलं.

पण या पिक्चरचा जीव म्हणजे मोहिले. आशुतोष राणाने केलेला हेड कॉन्स्टेबल. साहेब पैसे खातो म्हणून तो साहेबाला सलामच करत नाही. हातात काही पॉवर नाही, रोज त्याच स्टेशनात ड्युटी करायची आहे, तरी हात वर जात नाही म्हणजे नाही. मी कितीही वेळा बघितलं तरी तिथे अंगावर काटा येतो, कारण गाड्या उडवण्यापेक्षा ही हिंमत मोठी आहे आणि ती खऱ्या पोलीस स्टेशनातसुद्धा असू शकते.

आणि मग सेकंड हाफ. सिम्बा जिला बहीण मानतो ती आकृती, ड्रग्जच्या धंद्याचा पुरावा गोळा करायला ती पोरगी स्वतः जाते, एकटी. म्हणजे अख्ख्या पिक्चरमध्ये खरा तपास कोणी केला तर तिने. आणि तिच्यावर बलात्कार करून तिला मारून टाकतात, कशासाठी तर हिरो सुधारावा म्हणून. मला हे फार लागलं. आत्तापर्यंत आपण खिदळत होतो आणि आता तिच्या आईवडिलांचे चेहरे बघायचे, पिक्चरला हा सांधा जमलेलाच नाही.

त्यानंतर आरोपींना स्टेशनातच गोळ्या घालतात आणि त्यांनीच हल्ला केला असं दाखवतात. टाळ्या का पडतात ते मला कळतं. निर्भयाचा गुन्हा डिसेंबर 2012 चा आणि फाशी मार्च 2020 ला, एवढं थांबायचं म्हटल्यावर कोणत्या बाईचं रक्त तापणार नाही. पण भाऊ तिथेच म्हणाला, ताई, असं कोणी मेलं की एफआयआर लागतो, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या स्टेशनची टीम करते, मॅजिस्ट्रेटची चौकशी होते, 2014 ला सुप्रीम कोर्टाने हे सगळं घालून दिलंय, आणि तो खटला पण महाराष्ट्राचाच होता.

सिम्बा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, 6 डिसेंबर 2019 ला, हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या केसमधले चार आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले. पिस्तुलं हिसकावली असं सांगितलं गेलं, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. नंतर सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा रिपोर्ट 2022 ला बाहेर आला, त्यात लिहिलंय की गोळ्या मारण्याच्या हेतूनेच झाडल्या, आणि चारातले तिघं अल्पवयीन होते. कोर्टात केस उभीच राहिली नाही, त्यामुळे त्या मुलीच्या बाबतीत नक्की कोणी काय केलं हे पुराव्यानिशी कधी सिद्ध होणारच नाही. हा तिच्यावरसुद्धा अन्याय आहे असं मला वाटतं.

आपल्या नाशकात त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, राज्यभरातले पीएसआय इथे ट्रेनिंग घेतात. त्यातल्या कितीतरी पोरापोरींनी लहानपणी असेच पिक्चर बघून वर्दीचं स्वप्न बघितलं असेल, माझ्या भावाने तर नक्कीच. म्हणून मला राग येतो की मोहिलेसारखा माणूस हाताशी असताना लिहिणाऱ्यांनी बंदुकीचा सोपा रस्ता धरला. आकृतीने जीव धोक्यात घालून गोळा केलेला पुरावा, तो धरून सिम्बाने केस उभी केली असती, साक्षीदार फुटू दिले नसते, वरून आलेले फोन झेलले असते, तर त्यातपण फायटिंग बसली असती, कॉमेडी बसली असती, रणवीरला ते सहज जमलं असतं. आणि मोहिलेचा सलाम त्या चार्जशीटवर सही झाल्यावर आला असता तर मी थिएटरात उभी राहून शिट्टी मारली असती.