बोरिवलीला उतरणारी

“बोरिवलीला उतरायचं होतं तर विरार ट्रेन कशाला पकडलीस?”

दारातल्या तिघी-चौघी त्या मुलीवर तुटूनच पडल्या. मुंबईच्या विरार फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात असं मध्येच उतरणं म्हणजे अक्षम्य गुन्हा! कुणी तसूभर हलेना.

तेवढ्यात वसईच्या आंटी पुढे सरकल्या, पर्स पोटाशी घट्ट. “जाऊ दे गं. भांडण उद्या करू, ती परत येणारच आहे.” सगळ्या हसल्या. मुलगी कशीबशी उतरली, एक चप्पल हातात घेऊन.

“आंटी, तुम्हाला राग नाही येत?” कुणीतरी विचारलं.

“येतो ना! पण येशूने साताच्या सत्तर वेळा माफ करायला सांगितलंय. म्हणजे 490. विरार लोकलमध्ये दोन महिन्यांत संपतात, मग पुन्हा एकपासून.”

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात, याच्या लगेच पुढे एका चाकराचा दाखला आहे. डोंगराएवढं कर्ज माफ झालेलं, आणि बाहेर पडताच हा शंभर दिनारांच्या उधारीसाठी सोबत्याचा गळा धरतो. रविवारी चर्चमध्ये मिस्सात ऐकताना किती दुष्ट वाटतो तो! सोमवारी आपल्याच डब्यात असतो. दार अडवणाऱ्यांपैकी एकीला अंधेरीला याच बायकांनी हात देऊन आत ओढलं होतं.

तुमचे 490पैकी किती शिल्लक आहेत?