टेक्सासात मुंबईची पत्रं : रॅन्सम सेंटरच्या फेलोशिपचा वृत्तांत

सोफिया वाडियांनी १९३३ साली मुंबईत 'पेन' या आंतरराष्ट्रीय लेखकसंघटनेचं अखिल भारतीय केंद्र काढलं. आधी मलबार हिलवरून आणि पुढे न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधून त्याचा कारभार चाले. टागोर त्याचे पहिले अध्यक्ष. 'द इंडियन पेन' हे त्यांचं मुखपत्र, त्यात मराठीसकट सगळ्या भाषांमधल्या घडामोडी छापून येत. हे सगळं मुंबईत बसून वाचता येतं. पण मुंबईहून लंडनच्या मुख्य कचेरीला जी पत्रं जात आणि तिकडून जी उत्तरं येत, त्यांतली बरीचशी आज ना मुंबईत आहेत ना लंडनमध्ये. ती आहेत टेक्सासातल्या ऑस्टिनला, हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये.

ती तिथे का, तर हॅरी रॅन्सम या गृहस्थांनी १९५७ मध्ये टेक्सास विद्यापीठात हे केंद्र उभं केलं, आणि नंतरची काही दशकं विद्यापीठाने तेलाच्या पैशाच्या जोरावर ब्रिटिश लेखकांचे, मासिकांचे, संस्थांचे कागद गाड्याच्या गाड्या भरून विकत घेतले. इंग्रजांना त्याचं अजून वाईट वाटतं. आपण इंग्लंडकडून आपल्या वस्तू परत मागतो, त्यामुळे मला या प्रकाराची थोडी गंमतच वाटते.

हे केंद्र दरवर्षी मानव्यविद्यांतल्या संशोधकांना फेलोशिप देतं. साधारण एक ते तीन महिने तिथे राहायचं आणि तिथले कागद वाचायचे. पीएचडी करणाऱ्यांसाठी वेगळी, छोटी सोय असते. अर्जाची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या आसपास संपते, निकाल पुढच्या वसंतात लागतो. नेमकी तारीख केंद्राच्या संकेतस्थळावरच पाहा. ओळखीतल्या कुणी सांगितलेल्या गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका.

आता अर्जाबद्दल, कारण ही फेलोशिप करून आल्यापासून मला प्रामुख्याने त्याचीच चौकशी करणारे फोन येतात. विद्यापीठाचं नाव, गाइडचं वजन, छापून आलेले निबंध या सगळ्याचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण अर्ज तगतो तो एका प्रश्नाच्या उत्तरावर : हे काम ऑस्टिनला आल्याशिवाय का होणार नाही? आपल्याकडचे बरेच अर्ज इथेच पडतात. 'वसाहतोत्तर भारतातील आधुनिकतेच्या प्रवाहांचा चिकित्सक अभ्यास' असा मथळा देऊन पहिलं पानभर सिद्धान्त मांडायचा, आणि शेवटच्या ओळीत 'यासाठी केंद्रातील संग्रह उपयुक्त ठरेल' असं लिहायचं. वाचणाऱ्याला कळतं की या माणसाने संग्रहाची यादी उघडूनही पाहिलेली नाही.

त्या यादीला तिकडे 'फाइंडिंग एड' म्हणतात. प्रत्येक मोठ्या संग्रहाची अशी यादी संकेतस्थळावर फुकट मिळते. कुठल्या खोक्यातल्या कुठल्या फोल्डरमध्ये कुणाचा पत्रव्यवहार आहे आणि तो कोणत्या काळातला, हे त्यात दिलेलं असतं. अर्ज लिहिण्याआधी निदान महिनाभर या यादीशी खेळा. 'पेन'ची यादी लांबलचक आहे, देशोदेशीच्या केंद्रांची, पदाधिकाऱ्यांची, परिषदांची. त्यात नुसतं 'इंडिया' शोधून भागत नाही. 'बॉम्बे' शोधायचं, 'वाडिया' शोधायचं, आणि लंडनमध्ये त्या काळी पत्रांना उत्तरं कोण देत होतं त्याचं नावही शोधायचं. हर्मन ऑल्ड हे बरीच वर्षं संघटनेचे सरचिटणीस होते. १९४५ साली जयपूरला भारतीय लेखकांची परिषद भरली तेव्हा इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर आणि हे ऑल्ड तिथे आले होते. म्हणजे भारताविषयीचं काहीतरी ऑल्डच्या नावाखाली असणार, हा अंदाज घरबसल्या बांधता येतो. अर्जात असे अंदाज खोक्यांच्या क्रमांकांसह लिहा. चार नेमके क्रमांक एका परिच्छेदभर सिद्धान्तापेक्षा जास्त काम करतात.

दुसरी अडचण नवी आहे. 'पेन'च्या दप्तरातली बातमीपत्रं, सभांची इतिवृत्तं असा काही भाग डिजिटाइझ होऊन सर्वांसाठी खुला झालाय. ही चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे 'मग इथे कशाला येता?' हा प्रश्नही आला. म्हणून जे ऑनलाइन आहे ते सगळं आधी वाचून काढा आणि अर्जात स्पष्ट लिहा, की एवढं मी वाचलंय, त्यातून हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं उत्तर न स्कॅन झालेल्या पत्रव्यवहारात असण्याची शक्यता आहे. इकडचंही तसंच. एशियाटिक सोसायटी, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, जिथे जे मिळेल ते पाहून घ्या. आपल्या गावातलं न वाचता जो परदेशी जायला निघतो, त्याच्या अर्जातून ते दिसतंच.

शिफारसपत्र हा आपल्याकडचा मोठाच घोळ. 'विद्यार्थिनी कष्टाळू व प्रामाणिक असून तिची वर्तणूक चांगली आहे' या पद्धतीचं पत्र तिकडे शून्य किमतीचं. सरांना किंवा मॅडमना आपला मसुदा आणि खोक्यांची यादी आधी नेऊन द्या. त्यांना विनंती करा की हा विषय मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात कुठली जागा भरतो, एवढं एक तरी वाक्य घाला. बहुतेक जण आनंदाने घालतात. त्यांना फक्त वेळ हवा असतो. मुदतीच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप करू नका.

आणि हो, संग्रहपालांना आधी ईमेल करायला लाजू नका. 'अमुक फोल्डरमध्ये साधारण किती पानं आहेत?', 'हे खुलं आहे की बंधन आहे?' असे छोटे, नेमके प्रश्न विचारले की चांगली उत्तरं येतात. 'माझ्या विषयावर तुमच्याकडे काय आहे?' असं विचारलं तर यादीची लिंक येते, आणि ते योग्यच आहे.

निवड झाली की मग कागदपत्रांचा दुसरा अध्याय. मी जे-१ व्हिसावर, म्हणजे अभ्यास-संशोधनासाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसावर गेले. विद्यापीठाकडून डीएस-२०१९ हा फॉर्म येतो, मग सेव्हिसची, म्हणजे अशा पाहुण्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची फी, मग बीकेसीतल्या कॉन्सुलेटची मुलाखत. फॉर्मवर तुमचा वर्ग काय लिहिलाय ते आल्याआल्या पाहा. 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' हा वर्ग सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी असतो. 'रिसर्च स्कॉलर' म्हणून गेलात तर काम संपल्यावर पुढचे चोवीस महिने त्याच वर्गात परत जाता येत नाही. दोन-तीन महिन्यांच्या वाचनासाठी पुढच्या मोठ्या फेलोशिपची वाट अडवून घेण्यात अर्थ नाही, तेव्हा शंका असेल तर विद्यापीठाच्या कार्यालयाला आधीच विचारा. आरोग्यविमा सक्तीचा आहे. तो कुठल्या अटी पूर्ण करणारा हवा हे ते सांगतात, इथून घेतलेली साधी ट्रॅव्हल पॉलिसी चालेल असं गृहीत धरू नका.

पैशाचं म्हणाल तर महिन्याला ठरावीक रक्कम मिळते. त्यात राहणं-खाणं बेताने भागतं, पण विमान, व्हिसा आणि विमा त्यातूनच काढायचा असतो, आणि वर करही कापला जातो. पहिल्या तीन-चार आठवड्यांचा खर्च स्वतःच्या खिशात घेऊन जा. घराचं आगाऊ भाडं आणि अनामत ही पहिल्याच दिवशी द्यावी लागते.

राहायला मी विद्यापीठाच्या पश्चिमेकडची, विद्यार्थ्यांची वस्ती निवडली. तिला वेस्ट कॅम्पसच म्हणतात. उन्हाळ्यात मुलं घरी जातात आणि आपल्या खोल्या दोन-तीन महिन्यांसाठी पोटभाड्याने देतात, त्यामुळे जून-जुलैत तिथे स्वस्तात सोय होते. ऑगस्टात सगळ्यांचे करार बदलतात, तेव्हा त्या महिन्यात पोहोचण्याचा बेत करू नका. केंद्र आहे ग्वाडालूप रस्त्यावर, एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला, त्यामुळे चालत जाता येतं. ऑस्टिनचा उन्हाळा मात्र विदर्भातल्यांनाच परवडेल असा. पारा दुपारी अडतीसच्या वर सहज जातो, आणि वाचनकक्षात एसी इतका की स्वेटर लागतो. स्वेटर न्याच. मला पुण्याहून नेलेली शाल उपयोगी पडली.

खाण्याचे हाल होत नाहीत. सकाळी ब्रेकफास्ट टाको मिळतात, त्यातला बटाटा आणि राजम्याचा प्रकार म्हणजे पोळीत गुंडाळलेली कालची भाजी समजा. किराण्याला एच-ई-बी आहे. भारतीय दुकानं शहराच्या उत्तरेला आहेत, तिकडे बसने जायला वेळ लागतो. हिंग आणि गोडा मसाला घरूनच न्या.

वाचनकक्ष दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर शिरताच पंधराव्या शतकात छापलेलं गटेनबर्गचं बायबल आणि निएप्स या फ्रेंच माणसाने काढलेलं १८२६-२७ च्या सुमाराचं छायाचित्र दिसतं, कॅमेऱ्यातून काढलेल्या आणि टिकून राहिलेल्या छायाचित्रांतलं सर्वांत जुनं. ते बघायला गर्दी असते. पहिल्यांदा बघाल तेव्हा नुसता राखाडी पत्रा दिसेल. थोडं बाजूला सरकून, मान तिरकी करून बघितलं की छपरं दिसायला लागतात.

वरचे नियम कडक आहेत, पण जाचक नाहीत. पिशवी लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल, लॅपटॉप, फोन. 'पेन'चं दप्तर वाचायला पेन नेता येत नाही, हा विनोद तिथे प्रत्येक जण एकदा करत असणार. संकेतस्थळावर खातं उघडून खोके आधीच मागवून ठेवायचे, म्हणजे पहिला दिवस वाया जात नाही. गाडीवर खोका येतो. त्यातून एका वेळी एकच फोल्डर काढायचा, आणि त्याच्या जागी खूण घालायची म्हणजे परत ठेवताना क्रम बिघडत नाही. आतल्या कागदांचा क्रमही बदलायचा नाही, चुकीचा वाटला तरी. हातमोजे लागत नाहीत, स्वच्छ कोरडे हात पुरतात. टाइप केलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती कांद्याच्या सालीइतक्या पातळ कागदावर असतात. त्यातून खालच्या पानाची अक्षरं वर दिसतात आणि दोन्ही ओळी एकमेकींत मिसळतात. अशा वेळी मागे एक कोरा पांढरा कागद सरकवायचा. तो तिथल्याच टेबलावरून मागून घ्या, स्वतःचा आत नेऊ नका.

फ्लॅश बंद ठेवून फोनने फोटो काढू देतात. प्रत्येक फोल्डर उघडला की आधी त्याच्यावरच्या लेबलचा फोटो काढा, खोका आणि फोल्डर क्रमांकासह, मग आतले कागद. हे केलं नाही तर पुण्यात परतल्यावर हजारभर फोटोंपैकी कुठला कुठून आला हे कुणालाच सांगता येणार नाही. रोज रात्री त्या दिवसाचे फोटो दुसरीकडे कॉपी करून फाइलींना क्रमांक द्या. कंटाळवाणं काम आहे, पण झोपण्याआधीच करा. तरी एक सांगते, सगळंच फोटोत भरून आणायच्या मागे लागू नका. तिथे बसून वाचलं की पुढचा खोका कोणता मागवायचा ते कळतं. फोटो नुसते साठवले तर ते घरी कळतं, आणि तोवर खोका चौदा हजार किलोमीटर लांब गेलेला असतो. मी दुपारपर्यंत वाचायचे आणि दुपारनंतर फोटो काढायचे.

तिथे जेवणाच्या वेळी इतर फेलोंशी गप्पा होतात. कुणी नाटककाराच्या मसुद्यांवर काम करत असतं, कुणी प्रकाशकांच्या नकारपत्रांवर. भारतीय विषय घेऊन येणारे कमी, पण जागा आहे. इंग्रजीत लिहिणारे भारतीय कादंबरीकार राजा राव याच विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि २००६ मध्ये ऑस्टिनलाच वारले. त्यांचे कागदही या केंद्रात आहेत. क्नॉफ या न्यूयॉर्कच्या प्रकाशनसंस्थेचं अवाढव्य दप्तर आहे. अनुवादाचा अभ्यास करणाऱ्या मराठी माणसाने त्याची यादी एकदा तरी चाळून पाहावी.

शेवटचा मुद्दा हक्कांचा. फोटो काढू देणं म्हणजे छापू देणं नव्हे. पत्राचा कागद केंद्राच्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुरावर तो त्याच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो, पण निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या मजकुरावर छापल्यापासून साठ वर्षं; अमेरिकेत निधनानंतर साधारण सत्तर. वारस शोधायला 'वॉच' नावाची एक मोफत नोंदवही ऑनलाइन आहे. रॅन्सम सेंटर आणि इंग्लंडमधलं रेडिंग विद्यापीठ ती मिळून चालवतात. तिच्यात भारतीय नावं फारशी सापडत नाहीत, तेव्हा आपल्या लेखकांच्या वारसांचा ठावठिकाणा प्रकाशकांकडून किंवा नातेवाइकांकडून काढावा लागेल. हे काम तिकडे असतानाच सुरू करा. ज्या पत्रांतून उतारे घ्यायचे ठरतंय त्यांची वेगळी यादी ठेवा, आणि परतल्यावर प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायला बसण्याआधी परवानगीची पत्रं पाठवून द्या. उत्तरं यायला सहा-सहा महिने लागतात.