विभागांच्या मधली जागा

एरोस्पेस क्षेत्रात नव्याने आलेल्या अभियंत्यांना एकाच टेबलाशी न बांधता डिझाइन, चाचणी, जुळणी आणि उड्डाण-संचालन अशा विभागांतून आळीपाळीने काम करायला लावणारी रोटेशनची योजना एखाद्या माजी अंतराळवीराच्या सन्मानार्थ सुरू होते, तेव्हा ते नाव मला केवळ शोभेचे वाटत नाही. या सगळ्या विभागांनी केलेल्या कामावर प्रत्यक्ष जीव टाकून बसतो तो अंतराळवीरच.

माझ्या मनात अशा योजनेसाठी कल्पना चावला यांचे नाव येते. जागच्या जागी सरळ वर उठू शकणारे हॅरियरसारखे विमान जमिनीलगत असताना त्याच्याभोवती हवा कशी वाहते, याची संगणकीय गणिते त्यांनी 1988 पासून नासाच्या एम्स केंद्रात मांडली, आणि 1994 मध्ये अंतराळवीर म्हणून निवड झाल्यावर शटल या अंतराळयानाच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरच्या चाचण्यांवरही काम केले. ज्या अपघातात त्या गेल्या, त्याचे कारणही मला या विषयापासून दूरचे वाटत नाही. 16 जानेवारी 2003 रोजी उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा पाऊण किलोचा तुकडा त्या ज्यात होत्या त्या कोलंबिया शटलच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. पंखाची छायाचित्रे घ्यावीत, ही अभियंत्यांची मागणी यान कक्षेत असताना पुरी झाली नाही. त्याच वर्षी जुलैत टेक्सासमध्ये तसाच तुकडा पंखाच्या कडेच्या तशाच पॅनेलवर ताशी सुमारे 850 किलोमीटर वेगाने मारून पाहिला, तेव्हा कार्बनच्या त्या कडेला जवळजवळ 40 सेंटिमीटरचे भगदाड पडले. फोमइतकाच वाटा नासाच्या कार्यसंस्कृतीचाही होता, असे अपघाताच्या चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिले आहे.

माझा स्वतःचा अनुभव यापुढे फार लहान आहे. डिझाइनमध्ये असताना मी काढलेला एक ब्रॅकेट, पुढच्या फेरीत जुळणी विभागात गेल्यावर, माझ्याच हाती बसवायला आला. बोल्टपाशी पाना जेमतेम वीतभर अंतरातून शिरत होता आणि थोडासा वळला की शेजारच्या पाइपला अडत होता. म्हणून तो काढायचा, पुन्हा लावायचा, असे एका बोल्टसाठी वीसेक वेळा करावे लागले. शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, “हे आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. पण सांगायचे कोणाला, ते कधी कळले नाही.”

त्या संध्याकाळी मी ड्रॉइंग-बदलाचा अर्ज भरला आणि अडचण नोंदवणाऱ्याच्या रकान्यात, त्यांना विचारून, त्यांचे नाव लिहिले.