एडिटर बदलायचा म्हणजे काय असतंय: माझा अनुभव

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी साडेदहाला अक्कांचा फोन. "अरे साइटला व्हायरस आलाय बघ, बातमी टाकाय घेतली की लाल पट्टी येतीया, मी आता काय करतो, मशीनच बंद करतो." अक्का म्हणजे शाहूपुरीतल्या एका छोट्या साप्ताहिकाच्या डीटीपी ऑपरेटर. वीस-बावीस वर्षं टायपिंग करतायत आणि अस्सल कोल्हापूरच्या असल्यामुळं "मी करतो, मी जातो" असंच बोलतात, पुण्याकडची माणसं दचकतात, आम्हाला त्यात काय वाटत नाही. साप्ताहिकाची साइट मी केलेली, त्यामुळं फोन मलाच येणार.

गेलो तर व्हायरस वगैरे काही नव्हता. साइटच्या अ‍ॅडमिनमध्ये मी सीकेएडिटर ४ नावाचा एडिटर, म्हणजे साइटवर मजकूर भरायची, बोल्ड-इटालिक करायची चौकट, बसवलेला, आणि त्याच्यात वर सूचना येत होती की हे व्हर्जन सुरक्षित नाही, नवीन घ्या. खरं सांगायचं तर त्यांनी आधीच जाहीर केलेलं, व्हर्जन ४ चा फुकट सपोर्ट जून २०२३ मध्येच संपलेला, पुढचे सिक्युरिटी फिक्स पाहिजेत तर पैसे भरून एलटीएस म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन घ्यायचं. मीच बघितलं नव्हतं. चालतंय ना, मग कशाला हात लावा, हा आपला नेहमीचा हिशोब. पट्टी लपवायची सेटिंग आहे, ती केली आणि अक्कांना म्हटलं, घाला बातम्या, मी बघतो. पण पट्टी लपवली म्हणून भोक बुजत नाही हे मला पण कळत होतं.

पहिले दोन आठवडे मी जे केलं ते सगळं वाया गेलं. रोज रात्री बसून एकेक एडिटरचं डेमो पान उघडायचं, इंग्रजीत दोन ओळी टाइप करायच्या, बोल्ड करायचं, इटालिक करायचं, वा वा छान आहे म्हणायचं आणि पुढच्याकडं जायचं. एक्सेलमध्ये तक्ता पण केला, कुणाला किती बटणं, कुणाची फाइल किती केबी, कुणाला किती स्टार. त्या तक्त्याचा पुढं काडीचा उपयोग झाला नाही.

मधेच एक दिवस असं पण डोक्यात आलं की कशाला कुणाचा घ्यायचा, आपणच करू की, एका डिव्हला, म्हणजे पानावरच्या साध्या डब्याला, कंटेंटएडिटेबल हा गुण लावला की टाइप करता येतंयच, वर चार बटणं ठेवायची. ही सोय इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ पासूनची, म्हणजे २००० सालापासूनची आहे. पण तिथंच सगळी गोम आहे. बोल्ड करायला जी जुनी एक्झेककमांड नावाची कमांड आहे ती प्रत्येक ब्राउझर आपापल्या मनानं चालवायचा, एक जण वेगळा टॅग, म्हणजे मजकुराभोवतीची खूण, घालणार, दुसरा वेगळा, तिसरा स्पॅन नावाचा टॅग घालून स्टाईल चिकटवणार, एंटर मारल्यावर कुणी पॅराग्राफ करणार तर कुणी डिव्ह. आता तर ती कमांड वापरू नका असंच सांगतात. म्हणून नवीन सगळे एडिटर मजकूर आपल्या स्वतःच्या रचनेत सांभाळतात आणि ब्राउझरला फक्त दाखवायला देतात. क्विलचा डेल्टा म्हणून प्रकार आहे, प्रोझमिररचं डॉक्युमेंटचं मॉडेल, मेटाचा लेक्सिकल पण त्याच वाटेनं. हे वाचलं आणि स्वतः करायचं भूत एका रात्रीत उतरलं.

मग शेवटी निवडक तीन एडिटर, क्विल, सीकेएडिटर ५ आणि टायनीएमसीई, एका टेस्ट पानावर लावले, लॅपटॉप घेतला आणि सरळ शाहूपुरीत अक्कांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, आज जे काय काम आहे ते तिन्हीकडं करा, मी फक्त बघतो. तो एक दिवस माझ्या दोन आठवड्यांपेक्षा भारी पडला.

पहिलं म्हणजे अक्का एडिटरमध्ये टाइपच करत नाहीत. मला हे माहीतच नव्हतं. बातमी कुठून तरी येते आणि त्या पेस्ट करतात. वर्डमधून, एक्सेलमधून, व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून, आणि जुन्या अंकातलं काही हवं असलं तर पेजमेकर या अंकाची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधून. म्हणजे मला पाहिजे होता तो टाइप करायचा एडिटर नव्हताच, पेस्ट झेलणारा पाहिजे होता.

वर्डमधून दोन पॅराग्राफ कॉपी केले की बरोबर काय काय येतं ते एकदा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडून बघा. प्रत्येक ओळीला एमएसओ नावाचे क्लास, फॉन्टचं नाव, साइझ, मार्जिन, दहा ओळींच्या बातमीला दोनशे ओळींचा कचरा. जुन्या साइटवर एका बातमीत तीन साइझची अक्षरं का दिसायची ते त्या दिवशी उमगलं. सीकेएडिटर ५ मध्ये वर्डमधून येणारं साफ करून घ्यायचा प्लगिन फुकटच्या व्हर्जनमध्ये आहे, टायनीएमसीईत साधी पेस्ट फुकट आहे पण वर्डसाठीचं तगडं काम करणारं पॉवरपेस्ट पैसे देऊन घ्यावं लागतं.

दुसरं, गुळाचे भाव. आमच्या साप्ताहिकाचे निम्मे वाचक त्या एका तक्त्यासाठी अंक घेतात असं अण्णा, म्हणजे संपादक, स्वतःच सांगतात. शाहू मार्केट यार्डातले सौदे, प्रतीनुसार आवक, किमान, कमाल, सरासरी. एक्सेलमधून तक्ता उचलायचा आणि चिकटवायचा, वरच्या ओळीत दोन-तीन कप्पे एकत्र केलेले. क्विल मला मनापासून आवडलेला, हलका, सुटसुटीत, पण त्याच्या १.३ मध्ये तक्ता टाकला की सगळे आकडे एकाखाली एक ओळीत. एप्रिल २०२४ मध्ये क्विल २ आला, त्यात टेबल आलं, पण साधं, कप्पे जोडायची सोय नाही. अक्का म्हणाल्या, "ह्यात गूळ बसत न्हाई." क्विल तिथंच कटला.

टिपटॅप पण बघितला, तो प्रोझमिररवर बांधलेला आहे, लायसन्स एमआयटी, म्हणजे कसंही वापरा, जवळजवळ अट नाही, डेव्हलपर म्हणून जीव ओवाळून टाकावा असा. पण त्यात बटणं, टूलबार सगळं आपण बनवायचं. अण्णांनी एकूण जे पैसे देऊ केलेले त्यात माझा टूलबार काय झाला नसता. रिअ‍ॅक्टची साइट असती आणि हाताखाली दोन पोरं असती तर तोच घेतला असता.

राहिले सीकेएडिटर ५ आणि टायनीएमसीई. त्यात लायसन्सचं झेंगट. टायनीएमसीई ६ एमआयटी होता, मी त्याच्याकडंच झुकलेलो, तेवढ्यात २०२४ मध्येच ७ आला तो जीपीएल करून, म्हणजे त्यावर बनवलेलं दुसऱ्याला दिलं तर आपला सोर्स पण द्यायचा. सीकेएडिटर ५ आधीपासूनच जीपीएल किंवा पैसे. आता जीपीएल म्हटलं की आमच्यातले निम्मे घाबरतात आणि निम्म्यांना त्याचं काहीच पडलेलं नसतं. साप्ताहिकाच्या साइटमध्ये लपवण्यासारखं काय आहे, कुणी सोर्स मागितला तर देऊन टाकू, म्हणून आम्हाला अडचण नव्हती. तुम्ही बंद सॉफ्टवेअर करून गिऱ्हाइकाला विकणार असाल तर मात्र नीट वाचा, नाहीतर व्यापारी लायसन्स घ्या. दोन्हीकडं आता कॉन्फिगमध्ये जीपीएल वापरतोय असं लिहून द्यावं लागतं, आणि सीकेएडिटरमध्ये कोपऱ्यात त्यांचा छोटा लोगो येतो. अण्णांनी विचारलं, ही जाहिरात कुणाची, पैसे देतात का आपल्याला?

फायनल झाला सीकेएडिटर ५. सोप्पं वाटलं ना? खरी मजा पुढं आहे.

बसवला, जुना डेटा चालू केला, अक्कांनी चार दिवस बातम्या टाकल्या आणि रविवारी अण्णांचा फोन. "हे शेतकर्यांना काय प्रकार आहे? दर्या काय, सुर्या काय? आचाऱ्यांच्या संघटनेची बातमी आणि तू त्यांचं आचार्य करून ठेवलास!" करवीर तालुक्यातलं साप्ताहिक, दर तिसऱ्या ओळीत शेतकरी असणार, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा र मोडलेला. मला आधी वाटलं एडिटरचाच बग, एक आख्खा दिवस त्याच्यावर संशय घेतला. बग माझा होता. मराठीतला तो अर्धा र, शेतकऱ्यांना मधला, दोन तऱ्हेनं टाइप होतो. एक तर नुक्तावाला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्याच्या मागं झेडडब्ल्यूजे म्हणजे डोळ्याला न दिसणारं जोडणारं अक्षर. अक्कांचा कीबोर्ड दुसरा प्रकार टाकायचा. आणि मी पेस्टची सफाई म्हणून कुठूनतरी चार ओळींचा कोड उचलून लावलेला, जो सगळी न दिसणारी अक्षरं उडवून टाकत होता. इंग्रजीला ते कचराच असतात, त्यामुळं लिहिणाऱ्याची चूक नाही. आपल्याकडं मात्र ते उडालं की र वरती रफार होऊन बसतो आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. आता सेव्ह करायच्या आधी तो दुसरा प्रकार सगळीकडं नुक्तावाल्या ऱ मध्ये बदलून घेतो, मगच सफाई. मराठी साइट करणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी तपासा: शेतकऱ्यांना, बिऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर, हे चार शब्द टाकायचे, सेव्ह करायचे, परत उघडायचे.

जुन्या फॉन्टचं वेगळंच. पेजमेकरमधलं जुनं मॅटर युनिकोड, म्हणजे सगळीकडं चालणारं आजचं मराठी, नाही, ते आतून इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्टमुळं मराठी दिसतं, त्यामुळं पेस्ट केलं की सगळा गोंधळ. अक्का म्हणाल्या, साइटला तोच फॉन्ट लाव की. लावला तर दिसेल पण, मग गूगलला ते मराठी आहे हे कळणारच नाही, शोधून सापडणार नाही. इथं कुठला एडिटर काय करणार? आधी कन्व्हर्टरमधून काढायचं, डोळ्यांनी तपासायचं, मगच पेस्ट. अक्कांनी मॉनिटरला चिठ्ठी लावून ठेवलीय, "जुनं मॅटर डायरेक्ट न्हाई."

मग फोटो. महिनाभरानं एक कुस्तीची बातमी अर्ध्यात तुटली, मल्लाचं नाव आलं आणि पुढं काही नाही. मी टेस्टला सोय म्हणून फोटो बेस६४ करून, म्हणजे अक्षरांत बदलून, मजकुरातच जाईल असं ठेवलेलं आणि बदलायला विसरलेलो. त्यानं फोटो एक तृतीयांशानं फुगतो, आणि डेटाबेसमध्ये माझा कॉलम होता साधा टेक्स्ट प्रकारचा, म्हणजे ६५,५३५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा पण वेगळ्या मोजायच्या, म्हणजे फोटो नसला तरी साधारण एकवीस-बावीस हजार चिन्हांत डबा भरला. होस्टिंगवरचा मायएसक्यूएल डेटाबेस जुन्या ढिल्या सेटिंगवर, त्यामुळं एरर न देता गुपचूप कापलं. कॉलम मीडियमटेक्स्ट या मोठ्या प्रकारचा केला, फोटो वेगळे अपलोड करून फक्त लिंक ठेवली. सर्व्हरवर एचटीएमएल प्युरिफायर नावाची गाळणी पण लावली, कारण एडिटर ब्राउझरमध्ये कितीही साफ करू दे, त्याला वळसा घालून कुणीही थेट सर्व्हरला स्क्रिप्ट, म्हणजे घातक कोड, पाठवू शकतो.

जुन्या बातम्यांत यूट्यूबच्या आयफ्रेम, म्हणजे पानात बसवलेले व्हिडिओ, होत्या, त्या पण गेल्या काही ठिकाणी. सीकेएडिटर ५ ला जो टॅग माहीत नाही तो तो ठेवत नाही, जुनी बातमी उघडून नुसती सेव्ह केली तरी उडतो. त्यासाठी वेगळी सेटिंग आहे ती नंतर लावली. कधी जुना डेटा हलवणार असाल तर आधी बॅकअप, मी घेतलेला म्हणून वाचलो.

गावाकडचे वार्ताहर मोबाइलवरून टाकतात त्याची धास्ती होती, कारण अँड्रॉइडचे कीबोर्ड बरेचदा कुठली की दाबली ते सांगतच नाहीत, प्रत्येकाला २२९ हाच कोड देतात, आणि मराठी शब्द पूर्ण होईपर्यंत मजकूर लटकत असतो. टेस्टला एका एडिटरात कर्सर मागं उडी मारायचा, त्याचं नाव घेत नाही, माझं व्हर्जन जुनं असेल. सीकेएडिटर ५ मध्ये तो त्रास झाला नाही.

मागच्या महिन्यात अक्कांचा परत फोन. छातीत धस्स झालं. म्हणाल्या, "र नीट येतोय, गूळ बसतोय, पण यादी केली की आकडे इंग्रजी येत्यात, अण्णा मला बोलत्यात." स्टाइलशीटमध्ये, म्हणजे साइट कशी दिसायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, यादीचा प्रकार देवनागरी लिहिला, एका ओळीत १, २, ३ झाले. अण्णा खूश, म्हणाले आता लाल रंगाचं बटण पण दे. ते मी मुद्दाम काढलंय, पूर्वी आख्खी साइट लाल-निळी व्हायची. "ठळक चौकट" अशी एक तयार स्टाईल दिलीय, त्यावर सध्या तह झालाय.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या बातमीत बोल्डच्या चांदण्या तशाच पेस्ट होतात, त्या अक्का अजून हातानंच पुसत बसतात. ते करायचं राहिलंय.