पावलाचा हिशेब

आज संध्याकाळी भाचीला घेऊन सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला गेले होते. तिचं दहावीचं वर्ष, हातात इंग्रजी वाक्प्रचारांची वही. "मावशी, ‘कीप पेस’ म्हणजे गं?" म्हटलं, पावलाला पाऊल लावून चालणं. ‘पेस’ मुळात लॅटिन ‘पास्सुस’वरून आलाय. रोमन लोक दोन पावलं मिळून एक पास्सुस धरायचे, साधारण दीड मीटर. असे हजार झाले की एक मैल. ‘माइल’ शब्द त्या हजारातूनच आला. हे ऐकलं आणि वही पिशवीत गेली, पोरगी पावलं मोजायला लागली!

‘पुट थ्रू द पेसेस’, म्हणजे पुरता कस बघणं, हा घोड्यांकडून आलाय. घोडा पारखताना त्याच्या सगळ्या चाली करवून बघायच्या. मला हा फार आवडतो. ‘स्नेल्स पेस’ला आपली गोगलगाय आहेच.

अडलो ते ‘ब्रीदिंग स्पेस’वर. मी ‘उसंत’ सुचवला. ती म्हणाली, "पण उसंत वेळेची असते ना? स्पेस तर जागेची." थांबलेच मी. मग आठवलं, ‘स्पेस’ ज्यावरून आला त्या लॅटिन ‘स्पातिउम’मध्ये अंतर आणि काळ दोन्ही मावायचे. किती नेमकं विचारलं पोरीनं! तिथेच कठड्यावर वही ठेवून तिनं ‘उसंत’ लिहिलं.