सत्तावीस नंबरच्या लेकी : आमची वाटचाल

इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. २०१६ साली ती नोकरी सोडली आणि खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडे, सासऱ्यांच्या पडीक जागेत कोंबड्या पाळायला सुरुवात केली. तेव्हा रामबागेतल्या आमच्या घरी दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "करणारच असशील तर नीट कर. मुक्या जिवांचं काम आहे." तेवढ्यावर मी तिची परवानगी धरून चाललो.

आज आमच्याकडे कडकनाथ (पिसांपासून मांसापर्यंत काळी असणारी जात) आणि गावरान कोंबड्यांचा पैदाशीचा कळप आहे. आम्ही उबवणीची अंडी आणि एक दिवसाची पिल्लं विकतो. गिऱ्हाईक धार-झाबुआचं, तसंच खाली धुळे-जळगावकडचंही. धंदा छोटा आहे, पण प्रत्येक कोंबडीच्या पायात नंबराची रिंग आहे आणि प्रत्येक नंबराचं रजिस्टरमध्ये वेगळं पान आहे. या पानांपर्यंत यायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

पहिली ठेच पिल्लांच्या खरेदीत लागली. अस्सल कडकनाथ म्हणून एका व्यापाऱ्याकडून घेतलेली पिल्लं मोठी झाली तेव्हा निम्म्यांचा तुरा लाल आणि नख्या फिकट निघाल्या. पुढे समजलं की कडकनाथचा काळेपणा विसाव्या गुणसूत्रावरचा एक भाग दुप्पट झाल्यामुळे येतो. त्या भागात ईडीएन३ नावाचं जनुक आहे. हा गुण प्रबळ असल्याने मिसळ झालेलं पिल्लूही काळसर दिसू शकतं. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं, मागणी एकदम वाढली, आणि काळं दिसेल ते कडकनाथ म्हणून खपू लागलं. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्ही त्या पहिल्या पिल्लांवरूनच शिकलो होतो. पण प्रजननाच्या बाबतीत तोच धडा मला पुन्हा, आणि फार महागात, शिकावा लागला.

२०१७ चा मे महिना. उबवणीच्या मशीनमध्ये अंडी भरली होती. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यावर धरलं. ज्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसायला हव्यात, त्यातली अर्ध्याहून जास्त अंडी स्वच्छ, पिवळी, रिकामी. आमच्या बोलीत 'क्लिअर'. मी सरळ अर्थ लावला : अंडी फळलेलीच नाहीत, कोंबड्या वांझोट्या आहेत. ज्यांच्या ट्रेमध्ये क्लिअर अंडी जास्त होती, अशा वीसेक कोंबड्या बाजारात विकून टाकल्या.

महूला शिकलेला एक पशुवैद्य मित्र महिनाभराने फार्मवर आला. त्याने एकच प्रश्न विचारला, "क्लिअर अंडी फोडून बघितलीस का?" मी नव्हती बघितली.

दिव्यावर क्लिअर दिसणारं अंडं दोन प्रकारचं असतं. एक, जे फळलंच नाही. दुसरं, जे फळलं, पण आतला जीव पहिल्या एक-दोन दिवसांतच गेला. दिव्याला त्यातला फरक कळत नाही. ताजं अंडं फोडलं तर बलकावर एक पांढरा ठिपका दिसतो. न फळलेल्या अंड्यात तो लहान, घट्ट आणि वेड्यावाकड्या कडांचा असतो. फळलेल्या अंड्यात मोठा, गोल आणि बांगडीसारखा, मधे पारदर्शक. पण याहून पक्की खूण आहे बलकाभोवतीच्या पातळ पडद्यावर. अंडाशयातून बलक सुटला की कोंबड्याचे शुक्राणू त्या ठिपक्याजवळच्या पडद्याला भोकं पाडून आत शिरतात. पंधराएक मिनिटांत पडद्यावर बाहेरून दुसरा थर चढतो आणि दार बंद होतं. पुढे पांढरं आणि कवच चढून अंडं बाहेर यायला साधारण २५ तास लागतात. ती भोकं मात्र तशीच राहतात, आणि मोजता येतात.

हे ऐकलं आणि माझे हात शिवशिवले. जुना मायक्रोस्कोप घरी माळ्यावर होता. त्या रात्री उरलेल्या कोंबड्यांची ताजी अंडी घेऊन बसलो. बलक मिठाच्या पाण्यात धुतला. पांढऱ्या ठिपक्याभोवती गाळणकागदाची चकती चिकटवली, कडेने कात्रीने कापलं आणि पडदा अलगद उचलला. पिवळं धुऊन काढलं, पडदा काचपट्टीवर पसरला, फॉर्मेलिनचा थेंब टाकला आणि मग शिफचा रंग. सगळा पडदा गुलाबी-जांभळा झाला, आणि त्यात वर्तुळाकार, स्वच्छ कडांची भोकं. एक, दोन, दहा, तीस... मी मोजत राहिलो. बायको मागे उभी होती. म्हणाली, "म्हणजे ही फळलेली होती?"

होती. जवळजवळ सगळीच. आणि त्याच दिवसांतली, त्याच कोंबड्यांची बाकीची अंडी स्टोअरमध्ये ठेवून मशीनला लावली, तर पुन्हा क्लिअर. दोष आमच्या पत्र्याच्या स्टोअरचा होता. उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांवर ठेवावीत, आणि शक्यतो आठवड्याच्या आत मशीनला लावावीत. आमच्याकडे मे महिन्यात त्या खोलीत दुपारी चाळिशी गाठायची, आणि मशीन भरावी म्हणून आम्ही दहा-बारा दिवसांची अंडी साठवायचो. त्या उष्णतेत आतला जीव वेळेआधी अर्धवट जागा होतो आणि दम तोडतो. मी ज्या वीस कोंबड्या विकल्या, त्यांचा काही गुन्हा नव्हता. आजही ही गोष्ट कुणाला सांगताना मला त्रास होतो. त्यांतल्या कितीतरी आमच्या सगळ्यांत चांगल्या माद्या असतील, आणि आता ते कधीच कळणार नाही.

दुसऱ्याच आठवड्यात एसी लावला. पैसे नव्हते, बायकोने पाटली मोडली.

पण त्या भोकांनी मला सोडलं नाही. कारण मोजताना लक्षात आलं की काही कोंबड्यांच्या अंड्यांत भोकं भरपूर, काहींच्यात मोजकी. दोन्हींची अंडी त्या दिवशी फळलेलीच. अंडं फळलं की नाही, हा पास-नापासचा निकाल झाला. भोकांची संख्या म्हणजे मार्क. काठावर पास झालेली कोंबडी आणि पहिल्या नंबरात आलेली कोंबडी यांतला फरक मशीन सांगत नाही, पडदा सांगतो.

हा फरक येतो कुठून? कोंबडीच्या अंडनलिकेत, गर्भाशय आणि योनी जिथे मिळतात तिथे, सूक्ष्म नळ्यांच्या घड्या असतात. त्यांत शुक्राणू साठून राहतात, म्हणूनच एकदा कोंबडा लागल्यावर दोन-दोन आठवडे अंडी फळत राहतात. आत गेलेल्या शुक्राणूंपैकी शंभरात एखाद-दोनच त्या नळ्यांपर्यंत पोचतात, बाकीचे कोंबडीचं शरीर बाहेर टाकतं. साठवण जिची चांगली, तिच्या पडद्यावर भोकं जास्त, आणि ती जास्त दिवस फळत राहते. रोज संख्या घटते. किती वेगाने घटते, यावरून मादीची खरी कुवत कळते.

आता यात कोंबड्याचाही हात असतो. तो बाजूला काढल्याशिवाय मादीची परीक्षा होत नाही. म्हणून आम्ही कृत्रिम रेतन शिकलो. पाठीला मालिश करून वीर्य काढायची पद्धत अमेरिकेत १९३७ मध्ये बरोज आणि क्विन यांनी मांडली, आजही तीच चालते. पाच-सहा कोंबड्यांचं वीर्य एकत्र करतो, प्रत्येक मादीला सारखाच थेंब, आणि तेही दुपारी तीननंतर, कारण सकाळी नळीत कवचाचं अंडं अडून बसलेलं असतं. काढलेलं वीर्य अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, त्यामुळे त्या वेळात फोनही घेत नाही.

कोणतं अंडं कुणाचं हे कळायला ट्रॅपनेस्ट लावले. कोंबडी आत गेली की दार पडतं, मग कुणीतरी येऊन तिला सोडायचं. हे काम बायकोचं आणि झाबुआहून आलेल्या आमच्या काकांचं. उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाला फेरी. काका एकदा म्हणाले, "भैया, घरच्या कोंबडीला तर आम्ही तुरा आणि पेल्विसची हाडं चाचपून ओळखतो." ते खोटं नाही. दोन हाडांत दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे, हे आम्हीही पाहतो. पण त्यातून ती आज अंडं देते एवढंच कळतं, ते फळेल का हे नाही.

डीएनएच्या खुणांविषयी लोक आवर्जून विचारतात. कोंबडीचा जनुकीय आराखडा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मोठ्या कंपन्या हजारो खुणा एकदम तपासून निवड करतात. आमच्या आवाक्यातली एक खूण आहे : प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या जनुकापुढे २४ अक्षरांचा एक तुकडा काहींच्यात असतो, काहींच्यात नसतो. प्रोलॅक्टिन वाढलं की कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसते, आणि अंडी देणं थांबवते. व्हाइट लेगहॉर्न जातीत, जी सहसा खुडूक होत नाही, हा तुकडा मोठ्या प्रमाणावर सापडतो. आमच्या गावरान माद्यांचं रक्त आम्ही तपासून घेतलं आहे. पण नुसत्या त्या खुणेवर आम्ही एकही मादी ठेवली नाही की काढली नाही, कारण वेगवेगळ्या जातींत तिचे निकाल सारखे येत नाहीत. शिवाय गावाकडे रवणीला बसणारी कोंबडी हवीच असते. तिच्याशिवाय मशीन नसलेल्या घरात पिल्लं कोण काढणार?

मधे वाईट वर्षही आलं. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदुरात कावळे मरून पडू लागले, तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला. महिना-दीड महिना एक पिल्लू विकलं गेलं नाही. आमच्या कळपात रोग आला नाही, पण खाद्याची उधारी फेडायला पुढचं वर्ष गेलं.

फळण्याचा गुण आईकडून लेकीकडे फार थोडा उतरतो. खाद्य, ऊन, वय यांचाच वाटा मोठा. म्हणून एका मादीवर भुलून चालत नाही, तिच्या बहिणी आणि लेकीही तपासाव्या लागतात. आणि एकाच घराण्याची पिल्लं ठेवत गेलं तर नात्यातलं रक्त जुळून फळणं उलट घसरतं. त्यासाठी आम्ही कळपाची आठ घराणी पाडली आहेत आणि कोंबडे दरवर्षी पुढच्या घराण्यात सरकवतो.

२०२२ मध्ये सत्तावीस नंबरची कोंबडी सापडली. दिसायला किरकोळ, तुरा लहान. एका रेतनानंतर सोळाव्या दिवशीही तिच्या अंड्याच्या पडद्यावर मला भोकं दिसली. मी बायकोला झोपेतून उठवून दाखवली. यंदा तिच्या सहा लेकी वयात येऊन तलंगा झाल्या आणि अंड्यावर आल्या. दोघींची परीक्षा झाली : एकीची भोकं अकराव्या दिवशी संपली, दुसरी चौदाव्यालाही भरात होती. उरलेल्या चौघींचं रेतन शनिवारी दुपारी आहे. आईने सकाळीच फोन करून विचारलं, "सत्तावीसच्या बाकीच्या पोरींचं कधी?"