गवताची रब्बी

ओहायोत सप्टेंबर लागला की आमच्या गल्लीत जो तो लॉनच्या मागे. परवा व्हिडिओ कॉलवर आप्पांना गवताच्या बियांची गोणी दाखवली तर ते म्हणे, "गवतले खत बी टाकी राहिना का रे तू?" त्यांचं बरोबरच आहे, आमच्या चोपड्याकडे हरळी खणता खणता कंबर मोडते अन् तीच हरळी अमेरिकेच्या दक्षिणेत बर्म्युडा म्हणून मुद्दाम लावतात.

इकडे उत्तरेत केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, राय ही गवतं, म्हणजे आपल्या गव्हासारखीच रब्बीची समजा, उन्हाळ्यात मलूल आणि गारवा पडला की जोमात, म्हणून पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर. राय आठवड्याभरात वर येतं, ब्लूग्रास दोन-तीन आठवडे घेतं, तोवर वरची माती सुकू द्यायची नाही.

पेरायच्या आधी एअरेशन, म्हणजे दबलेल्या जमिनीला भोकं पाडून ती मोकळी करायची. आपली काळी उन्हाळ्यात भेगाळून आपोआप मोकळी होते, इथली चिकण माती मात्र गवत कापायचा मोवर अन् पोरांच्या पायांनी दबत जाते. भाड्याचं मशीन आणायचं, जाम जड असतं, ते जमिनीतून बोटाएवढे मातीचे तुकडे उपसून वर टाकत जातं, ओलसर, बारीक पांढरी मुळं चिकटलेली. ते उचलायचे नाहीत, पावसात विरघळतात.

खताच्या पिशवीवर आपल्या 10:26:26 सारखेच नत्र, स्फुरद, पालाशचे तीन आकडे, पण मधला स्फुरदाचा बहुतेक शून्य, कारण स्फुरद वाहून तळ्यात गेला की शेवाळ माजतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये लेक एरी सरोवरातल्या विषारी शेवाळामुळे ओहायोतल्याच टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका असं सांगायची वेळ आली होती (त्यात मोठा वाटा शेतातल्या खताचा, लॉनवाल्यांना उगाच किती बोलायचं). नत्र मात्र आत्ताच द्यायचं, थंडीत पात्यांची वाढ मंदावते पण मुळं चालूच असतात, तो साठा वसंतात कामी येतो. डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या तणावर तणनाशक पण ह्याच दिवसांत, ते अन्न मुळांकडे खाली नेत असतं त्याबरोबर औषधही उतरतं, फक्त नवीन पेरलेल्या जागी मारू नका.

मेपलची पानं मोवरने बारीक करून तिथेच सोडायची, जाड थर राहिला तर बर्फाखाली बुरशी धरते. शेवटची कापणी अडीच इंचावर, स्प्रिंकलरच्या पाइपातलं पाणी कॉम्प्रेसरने उडवून टाकायचं, नाहीतर गोठून पाइप फुटतो.

पेरणी वसंतावर ढकलणारे पण आहेत, पण वसंतात फोर्सिथियाचं झुडूप पिवळं फुललं की क्रॅबग्रास हे तण उगवू नये म्हणून जे औषध टाकतात ना, ते बहुतेक वेळा तुमचं नवीन बी पण उगवू देत नाही, मग दोन्हीतलं एकच काहीतरी करता येतं.